हनुमान जयंतीनंतरचा ईस्टर

रोजामावशीची आणि माझी ओळख झाली ती तिने माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतले तेव्हा.

जून महिना होता. सोलापुरात जूनमध्ये पाणी ओतत नाहीत, झाकून ठेवतात. आदल्याच दिवशी आम्ही गिरणीच्या बाजूच्या एका पत्र्याच्या चाळीत बिऱ्हाड केले होते आणि नव्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून माझा तो पहिला दिवस होता. काळा अल्पाकाचा कोट, जरीकाठी पांढरे उपरणे, डोक्याला पगडी अशा थाटात मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले. शेजारच्या दारातून पन्नाशीची एक ठेंगणी बाई आली. तिने डोक्याला पानाफुलांचा वेढा घातला होता. "सांजांव!" असे ओरडून तिने तांब्या माझ्या पगडीवर उपडा केला.

"बाई, शुद्धीवर आहात ना?" मी किंचाळलो.

"व्हय की," ती म्हणाली. "आज सांजांव हाय, संत जुवांवाचा सण. गोव्यात आमी समदी हिरीत उड्या टाकतोय. हितं हीर कुटाय? नळाला बी पानी न्हाय. म्हनून एकच तांब्या. तुमी नवं बिऱ्हाड, तुमाला पयला मान."

मला मान नको होता, कोरडा कोट हवा होता. पोरांनी पहिल्याच तासाला माझे नाव 'भिजका मास्तर' ठेवले आणि मी नोकरीतून सुटलो तरी ते नाव सुटले नाही. संध्याकाळी मी भांडायला म्हणून तिच्या दाराशी गेलो. तिने मला पाटावर बसवून खोबऱ्याच्या नेवऱ्या खायला घातल्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच. मी स्वतःला सुधारक म्हणवत असे. म्हणजे मी तिच्या हातची नेवरी खाल्ली आणि मिशा पुसून घरी आलो, पण आमच्या सोवळ्यातल्या मामांना हे कळू नये अशी बायकोला ताकीद दिली.

रोजामावशी मूळची गोव्याची कॅथलिक. नवरा रेल्वेत गार्ड होता, त्याच्याबरोबर लग्नानंतर ती सोलापुरात आली. तो वारल्यावर रेल्वेची खोली सुटली आणि शिवणाचे यंत्र, एक लाकडी देव्हारा आणि मिंगेल नावाचा मुलगा एवढे घेऊन ती या चाळीत राहायला आली. तिची मराठी चाळीच्या नळावर तयार झालेली होती. फक्त देवाशी बोलायचे असले, की ती कोकणीत शिरे. स्टेशनाकडे एक लहानसे चॅपेल होते, पण तिथे पाद्री महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येत. एरवीचे सगळे सणवार रोजामावशी घरीच पाळी, आणि इतक्या निष्ठेने पाळी, की चाळीतल्या आम्हा बाकीच्यांना आपण सण नुसते उरकतो असे वाटे.

देव्हाऱ्यावरच्या कापडाचा रंग पाहिला, की तिच्या घरात कोणता काळ चालू आहे ते समजायचे. नाताळाआधीचे चार आठवडे जांभळा, नाताळाला पांढरा, मग कितीतरी दिवस हिरवा, धर्मासाठी जीव दिलेल्या संतांच्या दिवशी तांबडा. ही कापडे तिला समोरच्या खोलीतला तेलुगू विणकर विणून देई. त्याला येशू ठाऊक नव्हता, पण "अम्मा, आता तांबडा लागणार ना?" असे तो आठवणीने विचारी. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी ती नवऱ्याच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्याला वर्षभरातल्या रेल्वेच्या बातम्या सांगायची. कोणाची बदली झाली, कोणती गाडी रुळावरून घसरली, सगळे.

नाताळाच्या आधी ती परातीत माती पसरून ज्वारी पेरायची. येशूच्या गोठ्याभोवती हिरवे शेत दिसले पाहिजे म्हणून. गोठ्यातले बैल बेंदराच्या बाजारातले मातीचे, मेंढपाळांच्या खांद्यावर खऱ्या घोंगडीचे तुकडे. तीन राजांपैकी एक फुटला होता. त्याच्या जागी तिने मातीचा एक लठ्ठ मारवाडी शेठजी उभा केला होता. ते उगवलेले हिरवे कोंब पाहून माझ्यातला मास्तर उसळला. आमच्याकडे नवरात्रात घट बसवताना धान्य कसे पेरतात, या दोन्ही चालींचे मूळ एकच कसे असले पाहिजे, यावर मी तिला उभ्या उभ्या व्याख्यान दिले. तिने हातातली कात्री खाली न ठेवता ऐकून घेतले.

"व्हय काय?" ती म्हणाली. "मग तुमच्या देवीला बी ज्वारीच चालती की. हितं गहू कुनाला परवडतोय?"

माझ्या व्याख्यानांची गत तिच्याकडे नेहमी अशीच होई. पण मी देणे सोडले नाही. त्या काळी "मला ठाऊक आहे" हे माझे पालुपद होते. बायको म्हणे, की आमच्या लग्नात भटजींनी "सावधान" म्हटल्यावरही मी "मला ठाऊक आहे" असे म्हणालो होतो. हे खोटे आहे. मी फक्त मान हलवली होती.

रोजामावशी सणाबद्दल एक गोष्ट नेहमी सांगायची. "मास्तर, सण म्हंजे पाव्हणा हाय. त्येला यायचं तवाच त्यो येतोय. आपन फकस्त दार उघडं ठेवायचं. आपलं घर झाडून झालं न्हाई म्हनून पाव्हण्याला टेसनावर बसवून ठेवतंय का कोन?"

सणाला दार उघडे ठेवणाऱ्या या बाईने स्वतःच्या मुलाला मात्र दार लावले होते. मिंगेल हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर झाला आणि तिथेच त्याने मिशनच्या दवाखान्यातल्या सुलोचना नावाच्या नर्सशी लग्न ठरवले. सुलोचना नगरकडची, ख्रिस्तीच, पण प्रॉटेस्टंट. रोजामावशीच्या लेखी हे भलतेच झाले. "ती लोकं मरियेला मानत न्हाईत," ती म्हणाली. "माज्या देव्हाऱ्यातल्या आईला जी मानत न्हाई, ती मला काय मानंल?" मी मध्यस्थी करायला गेलो आणि दोन्ही पंथांतला फरक मुळात किती किरकोळ आहे हे तिला पटवू लागलो. तिने मला घराबाहेर काढले. मिंगेलने लग्न केले आणि आईचा शब्द त्याला इतका लागला, की तीन वर्षे तो सोलापुरात फिरकला नाही. या तीन वर्षांत ती यंत्रावर बसली की पाय थांबे आणि ती रस्त्याकडे बघत राही. आम्ही सगळे ते पाहत होतो आणि बोलत नव्हतो. मीसुद्धा.

मग एका जानेवारीत नवऱ्याच्या ओळखीचा एक गार्ड निरोप घेऊन आला. मिंगेल ईस्टरला सकाळच्या गाडीने बायकोला घेऊन येतो आहे. आईने दोघांना आनंदाने घरात घेतले तर राहील, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने परत जाईल आणि पुन्हा येणार नाही.

रोजामावशीने त्या दिवशी यंत्रावर झाकण घातले आणि ती आमच्याकडे आली. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ती दर वर्षीच उपास करी. त्या वर्षी तिने नवस बोलला, की हे चाळीस दिवस सुनेबद्दल एक वाकडा शब्द काढायचा नाही.

"मटन सोडलं तर काय मोठं?" ती म्हणाली. "हितं रोज कोन खातंय मटन? माजी जीभ लई तिखट हाय, मास्तर. तिचाच उपास पायजे. चाळीस दिस जीभ धुतली, तर पोरगी दारात आल्यावर नीट बोलंन मी. आता सांगा, राखेचा बुधवार कवा हाय?"

उपासाची सुरुवात राखेच्या बुधवारी व्हायची. तो दिवस मोजायचा ईस्टरवरून, आणि ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला. एरवी गोव्याहून तिचा भाऊ चर्चचे कॅलेंडर पाठवी. तो आदल्या पावसाळ्यात वारला होता. पाद्रीबाबा आजारी पडले होते आणि त्यांच्या जागी कोणी आले नव्हते. पण कोणाला विचारायची गरजच काय, असे मीच तिला बजावले. कारण या विषयात मी शोध लावला होता.

ईस्टरचे असे फिरत राहणे हा मला गणिताचा मास्तर या नात्याने अपमान वाटे. म्हणून मी लागोपाठ दोन वर्षे पंचांग ताडून पाहिले होते. दोन्ही वर्षी ईस्टर हनुमान जयंतीनंतरच्या पहिल्या रविवारी आला. दोन वर्षांच्या पुराव्यावर शहाणा माणूस गप्प बसतो. मी नियम केला आणि तो साऱ्या चाळीला ऐकवला.

"अहो, दोन वर्षे पाऊस झाला नाही म्हणून तिसऱ्या वर्षी छत्री भंगारात घालाल का?" बायकोने विचारले.

"तुला यातले काय कळते?" मी म्हणालो.

मी पंचांग उघडले, चैत्री पौर्णिमा काढली, पुढचा रविवार धरला, मागे मोजत गेलो आणि खडूने रोजामावशीच्या दारावर राखेच्या बुधवारची तारीख लिहिली. मार्चचा मध्य आला.

"लई उशिरा वाटतंय," ती म्हणाली. "फादर कायतरी चांदाचं सांगत हुते. नक्की न्हवं?"

"मावशी, मला ठाऊक आहे."

तिचा विश्वास बसला.  ती माझ्या प्रत्येक व्याख्यानाची चेष्टा करी, पण मास्तर आकडे चुकणार नाही अशी तिची मनापासून खात्री होती.

माझ्या त्या बुधवारी तिने गेल्या वर्षीच्या वाळलेल्या शिंदीच्या झावळ्या जाळल्या, कपाळाला राख लावली, देव्हाऱ्यातल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकल्या आणि जिभेचा उपास सुरू केला. कठीण काम होते. नळावर बायका मुद्दाम सुनेचा विषय काढत. रोजामावशी ओठ आवळी आणि घागर इतक्या जोरात आपटे, की दोन आठवड्यांत तिला दोन पोचे आले. होळीला आम्ही पुरणपोळीचे ताट दिले, ते तिने हात जोडून परत केले. "उपास हाय माजा. तुमच्या हनुमंताचा वाढदिस झाला की मंग खाईन."

होळी सोमवारी झाली. गुरुवारी शाळेत हेडमास्तर म्हणाले, "उद्या सुट्टी. गुड फ्रायडे."

मी हसलो. "सर, काहीतरी घोटाळा आहे. गुड फ्रायडेला अजून महिना आहे."

"सरकारने सुट्टी दिली आहे, मास्तर."

"मग सरकार चुकले आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत, सर्वांसमोर, उभे राहून म्हणालो. देशात तेव्हा सरकार चुकते म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यापायी तुरुंगातही जात होते. पण ईस्टरच्या तारखेवरून सरकारला आव्हान देणारा मी एकटाच असेन.

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "मार्चच्या एकविसाव्या तारखेनंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. तो ईस्टर."

"तेच तर मी म्हणतो. पहिली पौर्णिमा म्हणजे चैत्री."

"सोमवारी पुरणपोळी खाल्लीत ना?"

"खाल्ली."

"ती पौर्णिमा."

मी खाली बसलो. बहुतेक वर्षी ती पहिली पौर्णिमा चैत्राची असते. एखाद्या वर्षी ती फाल्गुनाची निघते, आणि ते एखादे वर्ष मी नेमके रोजामावशीच्या दारावर खडूने लिहिले होते. चाळीच्या कोपऱ्यावर होळीची राख अजून तशीच पडली होती. तिला वळसा घालून मी जिवाच्या कराराने रोजामावशीच्या दाराशी गेलो. मनातल्या मनात मी क्षमायाचनेचे सुंदर भाषण तयार केले होते. त्यात कॅलेंडर सुधारणाऱ्या ग्रेगरी नावाच्या पोपचाही उल्लेख होता. पण तिचा चेहरा बघताच मी एवढेच म्हणालो, "मावशी, ईस्टर याच रविवारी आहे. मी चुकलो."

तिचा पाय यंत्रावरच थांबला. तिने आधी देव्हाऱ्याकडे बघितले, मग दाराकडे.

"म्हंजे मिंगेल येत्या रविवारी येतोय?"

"हो."

"आनि मी हितं मूर्ती झाकून, चूल थंड करून सुतकात बसलेली दिसनार त्येला. बायकोला घिऊन दारातनं माघारी गेला असता की त्यो." तिचे डोळे भरून आले. तिला रडताना मी प्रथमच पाहत होतो, आणि ते माझ्या पंचांगामुळे होते. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली, की तिने पुन्हा एक तांब्या डोक्यावर ओतला असता तर बरे वाटले असते.

पण तिने डोळे पुसले आणि कंबरेला पदर खोचला.

"तीन दिस हाईत. हुईल समदं. पर माजा नवस? चाळीस दिस बोलले हुते, निम्मं बी झालं न्हाईत. सणाला उपास चालत न्हाई, म्हंजे पाव्हण्यापुढं तोंड पाडून बसल्यावानी हाय त्ये. उरलेलं दिस कोन करनार?"

मी दारावरची खडूची तारीख बाहीने पुसू लागलो.

"तुमी करायचं," ती म्हणाली. "चूक तुमची, दिस तुमचं."

मी हो म्हणालो. मटणाचा प्रश्नच नव्हता. मी उदार मनाने चहा सोडायची तयारी दाखवली.

"च्या सोडून काय? देवाला तुमच्या च्याचं काय करायचं हाय? मी जीभ धरली हुती, तुमी बी जीभच धरायची. 'मला ठाऊक आहे' म्हनायचं न्हाई. तुमच्या त्या हनुमंताच्या रविवारपातूर."

दारात उभी असलेली माझी बायको इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

शुक्रवारी रोजामावशीच्या घरात घंटा वाजवायची नसते. त्याऐवजी लाकडाची एक टकटकी फिरवून प्रार्थनेची वेळ सांगतात. ते काम पूर्वी मिंगेल करी. त्या वर्षी ते मला मिळाले. दुपारच्या उन्हात पगडी घालून मी टकटकी वाजवत चाळीभर फिरलो. सुट्टी असल्यामुळे माझे विद्यार्थीही बघायला हजर होते.

शनिवारी डुकराचे मटण आले, इडलीसारख्या सान्नांचे पीठ फुगवायला शिंदी आली, आणि आमच्या बायकोने वास येऊ नये म्हणून आपल्या घराची खिडकी लावून घेऊन तिला खोबरे किसून दिले. अडचण एकच राहिली. ईस्टरला देव्हाऱ्यावर पांढरे कापड हवे, आणि मुलगा येणार म्हणून रोजामावशीने नवे कापड विणायला टाकले होते. विणकराला माझीच तारीख सांगितलेली असल्यामुळे ते अजून मागावर होते. जुने तिने फाडून मेणबत्त्यांच्या वाती केल्या होत्या. बायको काही न बोलता घरात गेली आणि माझे जरीकाठी उपरणे घेऊन आली. त्या पहिल्या दिवसानंतर इन्स्पेक्टर शाळा तपासायला येत तेव्हाच मी ते खांद्यावर टाकत असे. 

रविवारी सकाळी हुबळीहून होटगीमार्गे येणाऱ्या गाडीची शिटी झाली तेव्हा जांभळी कापडे उतरली होती. माझ्या उपरण्यावर मरिया आणि तिचा मुलगा उभे होते आणि दार सताड उघडे होते. थोड्या वेळाने टांगा थांबला. मिंगेल उतरला, पण पुढे आला नाही. त्याच्या मागे नऊवारी नेसलेली, हातात छोटी पेटी घेतलेली सुलोचना. दोघे अंगणात उभे. रोजामावशी उंबऱ्यात उभी. कोणी हलेना.

शेवटी सुलोचनाच बोलली. एकेक शब्द स्पष्ट होता. "आई, मी आत येईन. पण त्या मूर्तीपुढे गुडघे टेकणार नाही. आधीच सांगते. नंतर तुम्हाला वाईट वाटायला नको."

 रोजामावशीच्या जिभेवर तीन वर्षांचे साठलेले सगळे येऊन उभे राहिले असणार. तिने गिळले ते मी पाहिले. मग तिने वळून देव्हाऱ्याकडे बघितले.

"नको टेकूस," ती म्हणाली. "तितं आज मास्तरचं उपरणं हाय. त्येच्यापुढं गुडघं कोन टेकतंय? ये, पोरी. जेवायला बस."

मिंगेलने आईच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा हंबरडा फोडला. सुलोचनाने पेटी खाली ठेवली आणि पदराने सासूचे डोळे पुसले. मी आणि बायको आमच्या खोलीत गेलो आणि आम्हीही रडलो. नंतर मला बोलावले तेव्हा मिंगेलने विचारले, "मास्तर, ही ईस्टरची तारीख ठरवतात तरी कशी?" मी म्हणालो, "मला ठा..." सगळी माझ्याकडे बघू लागली. मी नेवरी तोंडात कोंबली.

पुढचे चार आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब होते. पोरांना भूमितीतले प्रमेय ठाऊक नसते आणि मला असते, यावरच माझी नोकरी चालली होती. घरी बायकोने संधी साधली. जावई म्हणून माझ्या अंगात काय काय खोट आहे याबद्दल तिच्या माहेरचे मत तिने मला याच काळात ऐकवले, आणि मला "ठाऊक आहे" म्हणता येईना. हनुमान जयंतीनंतरच्या रविवारी, म्हणजे आमच्या ओळखीत कोणाचाच ईस्टर नव्हता त्या दिवशी, रोजामावशी ताट घेऊन आली. "सुटला उपास. झाला तुमचा ईस्टर," ती म्हणाली.

"आज नेवऱ्यांत खसखस जास्त आहे," बायको म्हणाली.

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. मग दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

त्यानंतर चर्चचे कॅलेंडर दर जानेवारीत हुबळीहून येऊ लागले. ते पाठवी सुलोचना. मरियेपुढे ती कधी झुकली नाही, आणि राखेचा बुधवार तिने कधी चुकू दिला नाही. मीही दर वर्षी त्या बुधवारी रोजामावशीपुढे माझे ते तीन शब्द सोडायचो. दोन दिवसांवर माझी मजल कधी गेली नाही. ईस्टरला ती विचारी, "औंदा किती टिकलं?" आणि माझे उत्तर ऐकायच्या आधीच हसू लागे. ते उपरणे मी परत मागितले नाही. दर ईस्टरला तेच निघे.

दहाएक वर्षांनी उपासाच्याच दिवसांत ती अंथरुणाला खिळली. छाती भरली होती. सुलोचना रजा घेऊन आली आणि तिने सासूचे सगळे निगुतीने केले. मिंगेलही आला. एका दुपारी मी जाऊन बसलो. देव्हारा जांभळ्या कापडाखाली होता. तिचा हात उशीवर पडला होता. यंत्रावर आयुष्य गेलेला तो हात आता एवढासा झाला होता.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी लई वाचलंय. मेल्यावर फुडं काय असतंय हो?"

माझ्याकडे उत्तरे होती. गीतेतले होते, तुकडे तुकडे वाचलेल्या बायबलातले होते, शिवाय माझे स्वतःचे एक मत होते. मिंगेल, सुलोचना आणि दाराशी बसलेली माझी बायको, सगळी माझ्याकडे बघत होती. मी तो हात हातात घेतला. मला तिच्याशिवायची चाळ दिसत होती आणि त्यापुढचे काहीच दिसत नव्हते.

"मला ठाऊक नाही, मावशी," मी म्हणालो.

 मग तिच्या तोंडावर हसू आले, अगदी त्या पहिल्या तांब्याच्या दिवशीचे.

"औंदा टिकलं की," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "दार उघडं ऱ्हाऊ द्या. येनार असंल त्यो येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. दार उघडेच होते. मी पोरासारखा रडलो, आणि ते बघायला माझे विद्यार्थी नव्हते एवढेच. ईस्टरला उपरणे काढायचे ठरले. ईस्टर कधी आहे, ते मी सुलोचनाला विचारून घेतले.